बाळ घरी येतानाच डीएनए रिपोर्ट हातात द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून नोकरी केली, आता रिटायर्ड आहे. आयव्हीएफने, म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करून, किंवा सरोगसीने झालेल्या बाळांच्या डीएनए टेस्टबद्दल लिहितेय. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या, आणि आमच्या बडोद्याच्या मराठीत गुजराती मिसळलेलं असतं तेही सांभाळून घ्या.

जुलै २०२५ मध्ये सिकंदराबादच्या फर्टिलिटी सेंटरचं प्रकरण सगळ्यांनीच वाचलं असेल. राजस्थानचं एक जोडपं आयव्हीएफसाठी गेलं, त्यांना सरोगसी करा, म्हणजे तुमचा गर्भ दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवा, म्हणून सांगितलं, तीस लाखांच्या वर पैसे घेतले आणि विशाखापट्टणमला तुमचं बाळ जन्मलं म्हणून बाळ हातात दिलं. त्यांना शंका आली म्हणून त्यांनी दिल्लीला डीएनए टेस्ट केली तर बाळ दोघांशीही जुळेना. पोलिसांनी सांगितलं की सरोगसी मुळात झालीच नव्हती, आसामच्या एका गरीब जोडप्याचं बाळ ९० हजारांना घेऊन यांना दिलं होतं. मी ती बातमी तीनदा वाचली आणि मला रात्रभर झोप आली नाही, कारण आमच्या घरात २०२३ मध्ये असेच बारा दिवस गेलेत.

माझा भाचा मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरीला आहे, राहायला मांजलपूरला. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नाही, मग आयव्हीएफ, दोन सायकल, म्हणजे उपचाराच्या दोन खेपा, फुकट गेल्या, तिसऱ्या वेळी इक्सी केलं म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात ते, आणि २०१९ मध्ये मुलगी झाली. बारशाला अख्खी पोळ, म्हणजे आमची गल्ली, जेवली. बीज दोघांचं स्वतःचं, डोनर कुणी नाही. सगळं छान चाललं होतं.

२०२३ च्या पावसाळ्यात तिच्या शाळेत हेल्थ कॅम्प झाला आणि मुलांना ब्लड ग्रुपची कार्डं दिली. मुलीच्या कार्डावर एबी पॉझिटिव्ह. भाचा बी आहे आणि भाचेसून ओ. रात्री अकरा वाजता तिचा फोन आला, "मावशी, ओ आणि बी ला एबी होतं का हो?" मला उत्तर एका सेकंदात माहीत होतं आणि मी ते फोनवर दिलं नाही. सकाळी मुलीला घेऊन ये म्हटलं.

उत्तर असं की ओ गटाची आई मुलाला ए पण देऊ शकत नाही आणि बी पण नाही, त्यामुळे बाप बी असेल तर मूल बी किंवा ओ, एबी नाही. अपवाद अगदी दुर्मिळ, त्यातला एक तर आपल्या मुंबईचाच, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला बॉम्बे ब्लड ग्रुप, त्यात माणूस टेस्टमध्ये ओ दिसतो पण आत ए किंवा बी लपलेला असू शकतो. पण हे रात्री अकराला कुणाला समजावणार, आणि त्यातून नुकतीच काही आठवड्यांपूर्वी दिल्लीची बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेलेली. ती बातमी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा जून २०२३ चा निकाल. दिल्लीच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये इक्सी करून २००९ मध्ये जुळ्या मुली झाल्या, आईबापाचे ग्रुप बी आणि ओ, आणि एका मुलीचा निघाला एबी, मग डीएनए केलं तर बाप जुळला नाही, दुसऱ्याच कुणाचा शुक्राणू वापरला गेला होता. आयोगाने दीड कोटीची भरपाई लावली. आमच्याकडे पण बी आणि ओ, आमच्याकडे पण इक्सी, आमच्याकडे पण एबी. भाचेसुनेने ती बातमी वाचलेली होती. तिच्या जागी तुम्ही असता तर काय वाटलं असतं सांगा.

सकाळी मी माझ्या जुन्या लॅबमध्ये मुलीचं रक्त स्वतः काढलं, ट्यूब पद्धतीने दोन्ही बाजूंनी ग्रुपिंग केलं, म्हणजे पेशी पण तपासल्या आणि सीरम पण. बी पॉझिटिव्ह. पुन्हा केलं, पुन्हा बी. कॅम्पमध्ये एका दिवसात दोनशे मुलांची बोटं टोचून काचेच्या पट्टीवर घाईघाईत बघितलेलं, त्यात चूक होते, मी स्वतः अशा कॅम्पला गेलेय म्हणून सांगते, एक मूल रडत असतं, दुसरं पळत असतं आणि पट्टीवरचा थेंब सुकून जातो.

मला वाटलं संपलं. पण संपलं नाही. कारण बी आलं म्हणजे ग्रुप बसतो एवढंच, मुलगी त्यांचीच आहे असं त्यातून सिद्ध होत नाही, बी गटाची माणसं आपल्याकडे ढिगाने आहेत. शंका एकदा घरात शिरली की ती रिपोर्ट विचारत नाही. माझी मोठी बहीण, म्हणजे मुलीची आजी, जेवताना बोलून गेली की मला आधीपासून वाटतच होतं हिचं नाक आपल्याकडे कुणासारखंच नाही. बहीण वाईट नाही, सुनेचं बाळंतपण तिनेच केलंय, पण ते वाक्य पडलं ते पडलंच. भाचेसून त्या दिवसापासून नीट जेवली नाही. मुलीला वेणी घालताना तिच्याकडे बघत राहायची.

भाच्याने क्लिनिकला फोन केला. आधी फाईल नंबर विचारला, मग डॉक्टर बदलले म्हणाले, मग अर्ज करा म्हणाले, अर्ज केला तर आठवड्याने समरी मिळाली दोन पानांची. त्या दिवशी लॅबमध्ये बीज कुणी हाताळलं, लेबल कुणी तपासलं, दुसरा साक्षीदार कोण होता, त्याचा कागद मागितला तर पेशंटला देत नाही म्हणाले. मी लॅबवाली आहे, मला माहितेय हा कागद किती महत्त्वाचा. आमच्या साध्या रक्ताच्या लॅबमध्ये सुद्धा एकाच आडनावाच्या दोन पेशंटच्या ट्यूब शेजारी आल्या की आम्ही दोघी मिळून नाव वाचायचो, कारण एकदा अदलाबदल झाली होती आणि दोन्ही पेशंटना परत बोलावून रक्त घ्यावं लागलं होतं. तिथे रक्त परत घेता आलं. आयव्हीएफच्या लॅबमध्ये एका डिशवरचं नाव चुकलं तर परत काय घेणार?

शेवटी भाचेसूनच म्हणाली डीएनए करू. तिघांचे स्वॅब दिले. स्वॅब म्हणजे कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, सुकवायची आणि कागदाच्या पाकिटात घालायची, प्लॅस्टिकमध्ये नाही, ओल राहिली तर नमुना खराब होतो. पाकिटावर तिथल्या तिथे सगळ्यांसमोर नाव, सही, आयडी. रिपोर्ट यायला दिवस लागले, ते कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. स्वॅब दिला त्या रात्री भाचेसून मला म्हणाली, "मावशी, काहीही आलं तरी ती माझीच आहे, फक्त मला एकदा कळू दे."

रिपोर्टमध्ये वीसेक ठिकाणचे आकडे असतात, प्रत्येक ठिकाणी दोन. मुलाचा एक आकडा आईकडून यायला हवा, एक बापाकडून. समजा मुलीचे १४ आणि १७ आहेत, आईचे १४ आणि १६, बापाचे १७ आणि १९, तर बसलं. एखाद्या ठिकाणी नाही बसलं तर कधी कधी तो नैसर्गिक बदल असतो, पण तीन किंवा जास्त ठिकाणी नाही बसलं तर नातं नाही असं धरतात. मी चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सगळ्या बसल्या. मुलगी त्यांचीच. भाचा बाथरूममध्ये जाऊन रडला.

पण बहीण आणि भाचेसून आता पूर्वीसारख्या बोलत नाहीत. आणि हाच माझा मुद्दा आहे संपादक साहेब. हाच रिपोर्ट २०१९ मध्ये डिस्चार्ज कार्डाबरोबर फाईलला लावलेला असता तर शाळेच्या त्या कार्डाकडे बघून आम्ही म्हटलं असतं कॅम्पवाल्यांची चूक, आणि चहा प्यायला बसलो असतो. आयव्हीएफच्या एका सायकलला दीड-दोन लाख जातात, काहींचे त्याहून जास्त, तीन-तीन सायकल होतात, त्यात ही टेस्ट काही हजारांची. पॅकेजमध्ये घाला. क्लिनिकने विचारायचं, जोडप्याने हो किंवा नाही सांगायचं, हो म्हटलं तर बाळ घरी जायच्या आधी स्वॅब घ्यायचा. सगळ्यांचीच होते म्हटल्यावर कुणावर संशय घेतला असं होत नाही. दिल्लीच्या त्या निकालात आयोगाने पण म्हटलंय की अशा उपचारांतून जन्मलेल्या बाळांचं डीएनए प्रोफाइल देणं सेंटरना बंधनकारक करावं. ते तिथेच कागदावर राहिलंय.

नवीन मागणी आहे असंही नाही. आणंद इथून गाडीने तासभराच्या आत, आणि सरोगसी हा शब्द आम्ही बडोदेकरांनी बाकी देशाच्या आधी ऐकला तो आणंदमुळे. तिथे परदेशी जोडपी यायची आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्या वकिलातीत डीएनए रिपोर्ट दाखवल्याशिवाय बाळाचा पासपोर्ट मिळायचा नाही. २००५ च्या आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) गाईडलाईनमध्ये तर लिहिलेलंच होतं की सरोगसीचं बाळ आपलंच आहे हे डीएनएने दाखवा नाहीतर दत्तक घ्या, आणि त्याची नोंद क्लिनिकने ठेवायची. पुढे २०१५ मध्ये परदेशी लोकांसाठी सरोगसी बंद झाली, मग २०२१ चे दोन कायदे आले, एक सरोगसीचा आणि एक एआरटीचा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. कायदे चांगले आहेत, मी विरोधात नाही. सरोगेट बाई विवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच, पैशासाठी नाही, ३६ महिन्यांचा विमा, हे सगळं बाईच्या भल्याचं आहे. आईबाप कोण हे मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरने आधीच ठरतं, आणि बाळ झाल्यावर तीच ऑर्डर जन्माचा पुरावा. पण ती ऑर्डर गर्भ राहायच्या आधीची! जे बाळ नऊ महिन्यांनी हातात आलं ते त्या ऑर्डरमधलंच आहे का हे बघा असं कायद्यात कुठेच नाही. परदेशी माणसाला जी टेस्ट करावी लागायची ती आपल्या माणसाला कुणी विचारत पण नाही.

सरोगसीत तर सरोगेट बाईचा स्वॅब पण हवा. तिचं स्वतःचं बीज वापरायला कायद्याने मनाई आहे, म्हणजे तिच्याशी बाळ जुळताच कामा नये. अमेरिकेत एका सरोगेट बाईच्या पोटी दोन बाळं जन्मली आणि त्यातलं एक तिचं आणि तिच्या नवऱ्याचंच निघालं, ठेवलेल्या गर्भाबरोबर तिचा स्वतःचाही गर्भ राहिला होता, म्हणजे सगळे प्रामाणिक असले तरी असं होऊ शकतं. आणि ज्या लॅबने बीज हाताळलं तिने ही टेस्ट करू नये, नमुना बाहेरच्या लॅबला जावा. आणखी एक बारीक गोष्ट, बाळाला पाजल्यावर लगेच स्वॅब घेऊ नये, दुधातल्या पेशी येतात, तासभर थांबावं.

आता याची दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

डोनरच्या बीजाचं काय? कितीतरी बायकांना स्वतःचं बीज नसतं, त्या डोनरचं घेतात, कायद्याने परवानगी आहे, सरोगसीत पण फेब्रुवारी २०२४ पासून दोघांपैकी एकाचं बीज असलं तर दुसरं डोनरचं चालतं, मेडिकल कारण असेल तर. अशा बाईची टेस्ट केली तर ती बाळाशी जुळणार नाही. यात काहीही चुकलेलं नाही! ती आईच आहे, एआरटीच्या कायद्यात सरळ लिहिलंय की मूल त्या जोडप्याचं आणि डोनरचा त्यावर काही हक्क नाही. त्यामुळे रिपोर्ट "आई जुळते का" असा असूच नये, "क्लिनिकच्या नोंदीप्रमाणे आहे का" असा असावा, नोंदीत डोनरचं बीज असेल तर डोनरप्रमाणे. आणि तो फक्त त्या जोडप्याच्या हातात, बंद पाकिटात. सासूला नाही, दिराला नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच नाही. डोनरचं बीज घेतल्याचं घरच्यांना सांगितलेलं नसतं बऱ्याच घरांत, आणि ते न सांगायचा त्या दोघांना पूर्ण हक्क आहे.

मला भीती वाटते ती याचीच, की उद्या ही टेस्ट बाईच्या विरोधात हत्यार होईल. आत्ताच लोक बाळाचे केस कापून पाकिटात घालून गुपचूप लॅबला पाठवतात, त्या कापलेल्या केसांना मूळ नसलं तर त्यातून अशी टेस्ट धड होत पण नाही. सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच सांगितलंय की कुणी मागितलं म्हणून रक्ताची टेस्ट करायची नाही, आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितलंय की नवराबायकोच्या भांडणात मुलाच्या डीएनएला ओढू नका. ते बरोबरच आहे. मी कोर्टातल्या टेस्टबद्दल बोलतच नाहीये. मी बोलतेय ती लॅबची टेस्ट, लॅबने आपलं काम नीट केलं का हे बघायची. तपासायचं आहे ते क्लिनिकला, बाईला नाही.

आणि जुळलं नाही तर? हा प्रश्न मला आमच्या बारा दिवसांत रोज पडायचा आणि मी कुणाला बोलले नाही. दिल्लीच्या जोडप्याने त्या मुलींना वाढवलं. सिकंदराबादचं बाळ शिशुगृहात गेलं, त्याच्या जन्मदात्यांना पण अटक झाली, त्या बाळाने काय केलं होतं? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला २०२५ मध्ये उघड झालं की एका बाईच्या पोटात दुसऱ्याच जोडप्याचा गर्भ ठेवला गेला होता आणि तिने त्या बाळाला जन्म पण दिला होता. अशा वेळी बाळ कुणाचं, हे जर आधी ठरवून ठेवलं नाही तर टेस्ट करून आपण त्या बाळाला रस्त्यावर आणू. २००८ मध्ये आणंदलाच झालं होतं, जपानी जोडप्याने सरोगसी केली, स्त्रीबीज डोनरचं, बाळ जन्मायच्या आधी त्यांचा घटस्फोट झाला आणि मग बाळाला आई म्हणून लिहायला कुणीच नाही, बापाचं बीज असून पण त्याला बाळ नेता येईना, जपानहून आजी आली, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली तेव्हा कुठे बाळ घरी गेलं. तिथे डीएनए स्पष्ट होतं तरी हे हाल. म्हणून नियम करायचा तर आधी हा करा की रिपोर्ट काहीही येवो, कोर्ट ठरवेपर्यंत बाळ ज्या आईच्या कुशीत आहे तिथेच राहील, आणि क्लिनिक त्याचा खर्च देईल.

मी बडोद्याची म्हणून हे सांगते. आमचे सयाजीराव महाराज कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरचे, १८७५ मध्ये जमनाबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतले तेव्हा बारा वर्षांचे, नाव गोपाळ. आज सुरसागरपासून कमाटीबागेपर्यंत जिथे जाल तिथे त्यांनी केलेलं काम दिसतं. नातं फक्त रक्ताचं नसतं हे या गावाला शिकवायची गरज नाही. पण तिथे सगळ्यांना माहीत होतं की मूल दत्तक आहे, कुणी कुणाला फसवलं नव्हतं. आयव्हीएफमध्ये जोडपं दत्तक घ्यायला जात नाही, ते स्वतःचं बीज देऊन येतं आणि त्यांना सांगितलेलं असतं की हे तुमचं. सांगितलंय तेच दिलंय का, एवढंच त्यांना कळायला हवं.

एक छोटी गोष्ट राहिली. भाचेसुनेने त्या वेळी सतरा पानांच्या संमतीवर सह्या केल्या, सगळं इंग्लिशमध्ये, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर स्टूलवर बसून. ती बीकॉम आहे, तिला पण कळलं नाही. गुजराती, हिंदी, मराठीत द्या, आदल्या दिवशी घरी वाचायला द्या. बीज हाताळताना दोन माणसांनी सही करायचा तो साक्षीदाराचा कागद पण पेशंटला द्या, त्यात लपवण्यासारखं काय आहे मला समजत नाही. इथले फर्टिलिटी डॉक्टर हे पत्र वाचत असतील तर त्यांनी सरकारची वाट न बघता आपल्या क्लिनिकपुरतं हे सुरू करावं, कुणीही त्यांना अडवणार नाही.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नका. मुलगी आता पहिलीत आहे, तिला यातलं काही माहीत नाही, आणि तिच्या मैत्रिणींच्या घरी तुमचा पेपर येतो.

आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
दांडिया बाजार, बडोदा